मातीनं गिळलेला टप्पा

"मामा, चेंडूत दम हाय न्हवं?" एवढं कुणी विचारलं की शशिधरमामांच्या कपाळावरची शीर टरारून फुगायची. चेंडूत दम नसतो, हवा असते. ती किती आहे ते मोजायला मामांच्या खिशात एक पितळी काटा कायम असायचा, आणि हे पेठेतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तरी विचारणारे विचारायचेच. मामा काटा काढायचे, चेंडूत खुपसायचे, आकडा दाखवायचे. समोरचा आकड्याकडे बघायचा, मान डोलवायचा आणि म्हणायचा, "त्ये झालं ओ, पण दम?"

आता अशा माणसांपुढे कुणी डोकं आपटून घ्यावं की चेंडू आपटावा, हा खरा प्रश्न. मामांनी आयुष्यभर दुसरं केलं.

मामांचं मूळ गाव सीमेकडचं. घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. वडिलांचं किराणा दुकान थोरल्या भावाकडे गेलं आणि बारावीच्या गणितात दोनदा गटांगळी खाल्लेला शशिधर कोल्हापुरात एका कॉलेजच्या फिजिक्सच्या प्रयोगशाळेत असिस्टंट म्हणून चिकटला. पुढे चौतीस वर्षं तिथंच. दर वर्षी अकरावीच्या पोरांना एक प्रयोग असायचा. भिंतीशी उभी पट्टी, वरून चेंडू सोडायचा, तो किती उसळतो ते लिहून घ्यायचं. सर टेबलावर पेपर वाचत बसायचे, पोरं एकमेकांच्या वह्या उतरवायची आणि चेंडू सोडायचा तो शशिधरनं. "शशी, चेंडू आण." "शशी, पट्टी धर." ह्यापलीकडे त्या खोलीत त्याच्याशी कुणी बोललं नाही.

पण खाली वाकून, डोळा पट्टीला लावून चौतीस वर्षं एकच गोष्ट बघितली की गाढवालाही ती कळते, आणि शशिधर काही गाढव नव्हता. चेंडू कधीच सोडल्या उंचीला परत येत नाही. दर टप्प्याला आपला हिस्सा कुठेतरी देऊन येतो, आणि हिस्सा ठरलेला. पहिल्या टप्प्याला दहातले तीन गेले, तर दुसऱ्याला उरलेल्याच्या दहातले तीन. कुणाची वही उतरवलेली आहे हेसुद्धा त्याला एका नजरेत कळायचं. ज्या वहीत एकही आकडा वाकडा नाही, ती वही खोटी. सरांना तो सांगायचा. सर म्हणायचे, "असू दे रे शशी, आकडे बरोबर आहेत ना?" तेव्हापासून त्याच्या पोटात जो वैताग साठायला लागला, तो रिटायर होईपर्यंत कातडी चेंडूतल्या हवेसारखा घट्ट झाला.

निरोपसमारंभात नारळ मिळाला, आणि त्यानं मागून घेतली म्हणून ती जुनी लाकडी पट्टी. शालीऐवजी पट्टी मागणारा माणूस कॉलेजनं तोवर बघितला नव्हता.

कॉलेजात तो शशी असला तरी चिंचेच्या तालमीत मात्र मामा होता. संध्याकाळी सुटला की तो तालमीत यायचा. तालमीचा फुटबॉल संघ, आणि संघाचे चेंडू सांभाळायचं काम एकोणनव्वद सालापासून त्याच्याकडे. हवा भरायची, ब्लॅडर बघायचा, चिखल पुसायचा, रात्री मोठ्या जाळीच्या पिशवीत घालून कपाटाला कुलूप लावायचं. कपाटाची किल्ली मामांच्या कमरेला. पोटी मूलबाळ नाही, नाव घेण्यासारखी नोकरी नाही. ह्या अख्ख्या शहरात शशिधर नावाच्या माणसाची गरज असलेली जागा म्हणजे ते एक लोखंडी कपाट. हे मामा कधी बोलून दाखवायचे नाहीत, पण किल्ली आंघोळीला जातानासुद्धा खुंटीला न ठेवता बादलीच्या कडीला अडकवायचे. त्यांच्या बायकोला, शांतादेवींना, त्यावरून काय समजायचं ते समजत होतं.

आता ह्या तालमीची एक रीत होती. हंगामाचा पहिला चेंडू आधी मारुतीच्या पायाशी ठेवायचा, मग तालमीतल्या सगळ्यात जुन्या मल्लानं कुस्तीच्या हौद्यात उभं राहून तो खांद्याइतक्या उंचीवरून लाल मातीत सोडायचा. चेंडू जितके टप्पे घेईल तितक्या मॅचेस त्या साली जिंकायच्या. गेली बारा वर्षं हा मान गणपतराव वस्तादांचा. एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस, दोन्ही कान कुस्तीनं चपटे झालेले, उजवा गुडघा निकामी. पण चेंडू हातात घेतला की अजून अंगठा थरथरत नव्हता.

मामांना ही रीत मुळीच पसंत नव्हती, पण ती चालून जायची. कारण असं, की तालमीतली पोरं कधीच फुटबॉलकडे आणि जिमकडे पळाली होती. हौद्यात वर्षाकाठी दोन-चार माणसं उतरायची. माती न खणल्यामुळे रस्त्यासारखी टणक झालेली. तिच्यावर चेंडू चार-पाच टप्पे सहज घ्यायचा, सगळे खूश व्हायचे, मामा गप्प बसून पेढा खायचे.

यंदा तालमीला पंचाहत्तर वर्षं झाली. आदर्श नावाचा तिशीच्या आतला नवा अध्यक्ष, मोबाईलच्या दुकानाचा मालक, उत्साहाला तोटा नाही. त्यानं ठरवलं, हौदा पहिल्यासारखा करायचा. माती खणली, चाळली, नवी लाल माती आणून घातली. वर तेल, ताक, लिंबू, हळद, कापूर. आठवडाभर पोरांनी मळली. माती अशी झाली की अनवाणी पाय ठेवला तर घोट्याशी लोणी लागल्यासारखं वाटावं.

आणि त्या मातीत वस्तादांनी चेंडू सोडला.

धप्प. चेंडू खाली गेला आणि अंड्यावर बसलेल्या कोंबडीसारखा तिथंच बसला. एकही टप्पा नाही. दोनशे माणसं, ढोल-ताशा तयार, हलगीवाल्यानं टिपरी उचललेली, आणि सगळं जागच्या जागी थिजलं. मागून कुणीतरी पुटपुटलं, "शून्य!"

मग सगळ्यांच्या माना एका दिशेला वळल्या. मारुतीकडे नाही, मातीकडे नाही. मामांकडे.

"मामा, चेंडूत हवा भरलीया न्हवं?" आदर्शनं विचारलं.

"बारा पौंड हाय! काटा बघ, बारा!" मामा ओरडले. "अरं, चेंडूकडं काय बघतायसा, माती बघा की!"

"मातीला काय झालं? माती तर आम्ही चांगली केली की."

"तेच तर!" मामांनी कपाळाला हात लावला. "हे बघ, आदर्श. चेंडू पडताना वेग घेतो. टणक भुईवर आपटला की चपटा हुतो, आतली हवा आवळती. ती आवळलेली हवा परत पसरती आणि चेंडूला वर ढकलती. हीच उसळी. सगळं काय परत मिळत न्हाई, थोडं आवाजात जातं, थोडं कातडं गरम हुण्यात जातं, म्हणून दर टप्पा आदल्यापेक्षा ठेंगणा. कळलं?"

"कळलं."

"आता भुईच मऊ असली तर चेंडूच्या आधी तीच दबती. आणि दबलेली माती परत वर येती का? न्हाई येत. मग चेंडूला ढकलायचं कुणी? तुझ्या आज्यानं?"

आदर्शनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बरोबर हाय मामा. पण गेल्या साली पाच पडलं हुतं की. माणूस त्योच, देव त्योच, तालीम तीच. बदललं काय? नवा चेंडू."

ह्यावर माणसानं काय बोलावं? मामांनी चेंडू उचलला, धोतरानं पुसावा तसा शर्टाच्या टोकानं पुसला, कपाटात ठेवला आणि घरी निघून गेले. पण घाईत एक चूक झाली. किल्ली कपाटालाच राहिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मैदानावर गोलकीपर ऋतुराज उजवा अंगठा तोंडात धरून बसलेला. अंगठा सुजून वांग्याएवढा. मामांनी चेंडूला हात लावला आणि त्यांच्या लक्षात आलं. बोटानं टिचकी मारली तर घंटेसारखा वाजला. काटा लावला. बावीस!

"कुणी भरली ही?"

शेवटी ऋतुराजच म्हणाला, "सकाळी पंक्चरच्या दुकानात नेला हुता, मामा. मशीननं भरला. दम यावा म्हणून. मग हौद्यात टाकून बघितला."

"मग? आला दम?"

"न्हाई. अजून खोल रुतला."

मामांना त्या क्षणी हसू यायला हवं होतं, पण त्यांना रडू येईल की काय अशी भीती वाटली. दगड भरा नाहीतर हवा भरा, चिखलाला त्याचं काय? आणि ह्या शहाण्यांनी त्यापायी एका पोराचा अंगठा घालवला. किल्ली परत कमरेला लावून मामा अर्धा तास बोलत होते. कुणाला काय काय म्हणाले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

रविवारी पहिली मॅच. ऋतुराज अंगठ्याला पट्टी बांधून उभा राहिला आणि पलीकडच्या पेठेनं तीन गोल घातले. तीन-शून्य. शून्य! स्टेडियममधून बाहेर पडतानाच लोकांचं ठरलं होतं. रात्री कमिटी बसली आणि सोमवारी सकाळी आदर्श स्वतः मामांच्या दारात आला. चप्पल काढून आला, चहा घेतला, शांतादेवींच्या पायाची चौकशी केली. मग खाली बघत म्हणाला, "मामा, तुमचं बी आता वय झालं. चेंडूचं काम दुसऱ्या कुणाकडं देऊया म्हणत्यात सगळी. शनवारी आरतीला या, तवा किल्ली द्या. तुमचा नारळ-टोपी देऊन सत्कार करू."

"सत्कार," मामा म्हणाले.

आदर्श गेल्यावर शांतादेवींनी बशी उचलली. "अहो, द्या की टाकून. चौतीस वर्षं कॉलेजात राबलात, पस्तीस वर्षं तिथं राबलात. काय मिळालं?"

"मिळायचा प्रश्न न्हाई गं. चूक माझी असती तर किल्ली त्यांच्या तोंडावर फेकली असती. पण चूक मातीची हाय! मातीची सुद्धा न्हाई, माती तिचं काम करती. चूक ह्यांच्या डोस्क्याची हाय, आणि किल्ली माझी जाणार!"

त्या आठवड्यात मामांनी दोनदा जेवण टाकलं. शुक्रवारी त्यांनी माळ्यावरून लाकडी पट्टी काढली आणि ओल्या फडक्यानं पुसली.

शनिवारी संध्याकाळी आरती झाली. तालीम भरलेली. आदर्शनं सत्काराचं ताट पुढे आणलं. मामा उठले. एका हातात पट्टी, काखेत तोच चेंडू, हवा बारा.

"किल्ली देतो," ते म्हणाले. "पण आधी पाच मिंटं माझं ऐकायचं. हिथं न्हाई. भायेर, फरशीवर."

तालमीच्या दारात शहाबादी फरशीचा कट्टा होता. मामांनी पट्टी भिंतीला उभी केली आणि म्हणाले, "वस्ताद, तुम्हीच सोडा. तेवढ्याच उंचीवरनं. आणि तुम्ही सगळी, पट्टीकडं बघा. दर टप्पा किती वर येतो, मी सांगतो."

वस्ताद गुडघा सांभाळत आले. चेंडू खांद्याशी, पट्टीवरच्या दीडशेच्या खुणेला धरला आणि सोडला.

"एकशेपाच!" मामा वाकून ओरडले.

"एक!" पोरं ओरडली.

"त्र्याहत्तर!"

"दोन!"

"एक्कावन्न! बघा, दर येळंला तेवढाच हिस्सा—"

"तीन!"

"अरं मोजू नका, बघा! छत्तीस!"

"चार!" आता ढोलही सुरू झाला. मामांचा आवाज कुठल्या कुठे गेला. पाच, सहा, सात. चेंडू ठेंगणा ठेंगणा होत टकटकायला लागला तशी पोरं अंगावर उड्या मारायला लागली. आठ! नऊ! नवाच्या पुढे तो फरशीवरच थरथरला आणि घरंगळत गटाराकडे गेला. तो गटारात पडायच्या आधी चौघांनी झेलला.

"नऊ!" आदर्श घोगऱ्या आवाजात ओरडला. "तालमीच्या इतिहासात नऊ पडलं नव्हतं!"

"दमाचा न्हाई रं, फरशीचा फरक हाय!" मामा गर्दीत घुसले, चेंडू हिसकावून घेतला, तडक आत जाऊन हौद्याच्या काठावरून मातीत सोडला. धप्प. "हे बघा! तोच चेंडू! तीच हवा! आता तरी दिसतंय का?"

आदर्शचा चेहरा पडला. तो धावत आला आणि चेंडू मातीतून उचलून छातीशी धरला. "मामा! नऊ पडल्यावर आता कशाला अपशकुन करताय?"

मामांचं तोंड उघडं राहिलं. एवढं उघडं, की त्यात कुणीतरी पेढा घातला.

पुढच्या पाच मिनिटांत कमिटीनं ठराव केला. इथून पुढे हंगामाचा चेंडू फरशीवर सोडायचा. पहिली मॅच धरायची नाही, ती जुन्या टप्प्यात गेली. आणि किल्ली मामांकडेच ठेवायची, कारण, आदर्श सगळ्यांसमोर म्हणाला, "मामांच्या हाताला गुण हाय. त्यांनी हात फिरवला आणि चेंडूत दम आला." नारळ आणि टोपी आणलीच होती, ती त्यासाठी वापरली. फेटा बांधता बांधता राहिला.

पोरं ढोल घेऊन चौकाकडे गेली. मामा हौद्याच्या काठावर टोपी घालून बसले. हातात किल्ली. जे हवं होतं ते मिळालं होतं आणि ते फेकून द्यावंसं वाटत होतं. चौतीस वर्षं पोरांनी उत्तर आधी लिहून प्रयोग मागाहून केला, ते एक वेळ समजू शकतं, मार्क मिळायचे. हे तर डोळ्यांदेखत प्रयोग करूनही उत्तर आपलंच लिहितात! उद्या सकाळी किल्ली आदर्शच्या दुकानात नेऊन टाकायची, त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

"शशा," मागून आवाज आला. वस्ताद अजून गेले नव्हते. भिंत धरत ते मामांच्या शेजारी बसले. "एक इचारू?"

"इचारा. दम हाय का तेवढं सोडून."

"त्यो फरशीवर येवढा येळ नाचला. हितं एका धपक्यात गप. मग ती जाती कुठं, आतली ताकद?"

मामांनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. अकरावीची चौतीस वर्षांतली हजारभर पोरं, सर लोक, तालमीची पस्तीस वर्षं. हा प्रश्न आजवर एकानंही विचारला नव्हता.

"मातीत, वस्ताद," ते हळूच म्हणाले. "मातीचं कण एकमेकावर घासत्यात. गरम हुत्यात. ताकद नाहीशी न्हाई हुत, नुसती गरमी हुती."

वस्तादांनी वाकून तळवा मातीवर ठेवला. चेंडू बसला होता तिथंच, त्या खळग्यात.

"हाताला तर लागत न्हाई."

"न्हाईच लागणार. लई थोडी असती. चहाचा एक घोट तापवायचा म्हटला तर चेंडू तीन-चारशे वेळा टाकाय पायजे. पण असती. हिशेब चुकत न्हाई."

वस्तादांनी हात उचलला नाही. "सोळाव्या वर्षी उतरलो मी हितं," ते म्हणाले. "गुडघा जाईपतूर रोज. किती येळा आपटलो आसंन, किती जणास्नी आपटलं आसंन. मला वाटायचं सगळी गेली. अंगात तर काय ऱ्हायली न्हाई." मग त्यांनी मामांकडे पाहिलं. "म्हंजी ती बी हितंच आसंल म्हण की. ह्याच मातीत."

मामांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. उत्तर तयार होतं. नाही वस्ताद, गरमी जागेवर थांबत नसते. घटकाभरात हवेत पसरते, भिंतीत जाते, आभाळात जाते. साठ वर्षांपूर्वीचं तर सोडाच, मघाच्या चेंडूचंही आता इथं काही उरलेलं नाही. शिवाय ही माती नवी आहे, आदर्शनं गेल्या महिन्यात ट्रॉलीनं आणलेली. एवढं सगळं मामांच्या जिभेवर आलं. आयुष्यभर कुणाची चूक त्यांनी तशीच जाऊ दिली नव्हती. चुकीच्या वह्यांवरून सरांशी भांडलेला माणूस तो.

वस्तादांचा तळवा अजून मातीवर होता.

"व्हय," मामा म्हणाले. "हितंच हाय."

वस्तादांनी मान डोलवली आणि मग मामांचा खांदा धरून उठले. त्यांना घरापर्यंत पोचवून, चेंडू कपाटात ठेवून, कुलूप लावून मामा घरी आले. किल्ली कमरेलाच होती. ती उद्या आदर्शच्या दुकानात न्यायची होती, हे त्यांना रस्त्यात आठवलंसुद्धा नाही.

शांतादेवी दारात वाट बघत होत्या. आधी त्यांना टोपी दिसली, मग किल्ली.

"मिळाली?"

"मिळाली."

"म्हणजे पटलं त्यांना? कळलं सगळ्यांना?"

मामांनी पट्टी कोपऱ्यात उभी केली. टोपी काढून खुंटीला लावली.

"एकाला कळलं," ते वैतागून म्हणाले. "ते बी अर्धं. आणि उरलेलं अर्धं मीच चुकीचं सांगून आलोय. वाढ जेवाय."